सिगार आणि मिशी

व्हिएतनाममधली कामगिरी आटोपून फायटर वैमानिक कर्नल रॉबिन ओल्ड्स १९६७ मध्ये अमेरिकेत परतला, तेव्हा त्याच्या नावावर शत्रूची पाडलेली चार मिग विमानं जमा होती आणि ओठावर भरघोस, टोकं पिळलेली मिशी. ही मिशी हवाई दलाच्या कुठल्याच नियमात बसत नव्हती. थायलंडमधल्या उबोनच्या तळावर त्याने ती वरच्यांच्या नाकावर टिच्चून वाढवली होती. वॉशिंग्टनला तो हवाई दलप्रमुख जनरल जॉन मॅकॉनेलपुढे हजर झाला. मॅकॉनेलने त्याच्या नाकाखाली बोट नेलं आणि ही उतरव म्हणून सांगितलं. ओल्ड्स 'हो सर' म्हणाला. हा त्याने स्वतःच पुढे सांगितलेला किस्सा.

या माणसाच्या खांद्यावर पुढच्या वर्षी एक तारा चढला आणि मोजणी तिथेच थांबली. उबोनला त्याच्या हाताखाली काम केलेला डॅनियल 'चॅपी' जेम्स मात्र १९७५ मध्ये चार ताऱ्यांचा जनरल झाला. अमेरिकेच्या सैन्यदलांत तिथवर पोचलेला तो पहिला कृष्णवर्णीय अधिकारी.

अमेरिकी हवाई दलात जनरलपदाच्या पायऱ्या चार. ब्रिगेडियर जनरलला एक तारा, मेजर जनरलला दोन, लेफ्टनंट जनरलला तीन आणि नुसत्या जनरलला चार. कागदावर सगळं नीटनेटकं आहे. निवड मंडळ बसतं, वरिष्ठांनी वर्षानुवर्षं लिहिलेले अहवाल वाचले जातात, राष्ट्राध्यक्ष नावं पाठवतात, सिनेट शिक्कामोर्तब करते. पण ते अहवाल लिहिणारा कोण आणि मंडळावर बसलेला कोण, हे पाहायला लागलं की ओळखीचा वास येतो. आपल्या गाण्यात जशी घराणी, तशी तिथेही. गळा लागतोच, पण गंडा कुणाचा बांधलाय हेही विचारलं जातं. १९४७ मध्ये स्वतंत्र झालेल्या या दलात पहिली पस्तीस वर्षं बॉम्बर घराण्याची सद्दी होती आणि त्यापुढची सव्वीस फायटर घराण्याची. पहिल्या काळात अपवाद निघतात. दुसरा प्रमुख हॉयट व्हँडेनबर्ग हा मूळचा फायटरवाला. पण पैसा आणि बढत्या कुठे वाहत होत्या, याबद्दल त्याच्या कारकिर्दीतही कुणाला शंका नव्हती.

गंमत म्हणजे दोन्ही घराण्यांची मुळं एकाच घराच्या अंगणात सापडतात.

रॉबिनचे वडील रॉबर्ट ओल्ड्स हे बिली मिचेलचे एकेकाळचे मदतनीस. मिचेल म्हणजे हवाई शक्तीच यापुढची युद्धं जिंकणार असं घसा फोडून सांगणारा हट्टी जनरल. त्याने १९२१ मध्ये 'ऑस्टफ्रीजलँड' ही युद्धानंतर ताब्यात आलेली जर्मन युद्धनौका बॉम्ब टाकून बुडवून दाखवली आणि पुढे वरिष्ठांवर जाहीर तोंडसुख घेऊन १९२५ मध्ये कोर्ट मार्शल ओढवून घेतलं. त्याच्यामागून आलेल्या पिढीने अलाबामातल्या मॅक्सवेल फील्डच्या शाळेत या हट्टाचं शास्त्र बनवलं. दिवसाउजेडी, खूप उंचावरून, शत्रूच्या नेमक्या कारखान्यांवर बॉम्ब टाकायचे, कंबरडं मोडायचं. अशा विमानांना कुणी अडवू शकणार नाही. क्लेअर शेनॉल्ट तिथे फायटर शिकवत असे. तो या मताशी भांडत राहिला, एकटा पडला आणि १९३७ मध्ये प्रकृतीच्या कारणाने निवृत्त होऊन चीनला गेला.

त्याच वर्षी व्हर्जिनियातल्या लँगली फील्डवर, रॉबर्ट ओल्ड्सच्या बॉम्बर गटात एक घुम्या लेफ्टनंट दाखल झाला. त्याचं नाव कर्टिस लेमे. गरीब घरातला, ओहायोचा. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा शिक्का त्याच्यावर नव्हता. कॉलेजातल्या लष्करी प्रशिक्षणातून तो वर आला होता. तोवर त्याने फायटरच उडवली होती. पण फायटर हे राखणीचं हत्यार आणि युद्ध जिंकायचं ते बॉम्बरने, असा हिशेब करून त्याने स्वतःच बदली मागून घेतली. या निर्णयाची किंमत त्याला तेव्हा कळली असेल का, कुणास ठाऊक. ओल्ड्सकडून आपण काय काय शिकलो, हे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. १२ मे १९३८ रोजी ओल्ड्सच्या गटातली तीन बी-१७ विमानं भर वादळी हवेत अटलांटिकवर निघाली आणि किनाऱ्यापासून ६०० मैलांहून दूर 'रेक्स' या इटालियन प्रवासी जहाजाच्या डोक्यावर बरोबर ठरल्या वेळी पोचली. दिशा आणि वेळेचं गणित लेमेचं होतं. सोबत रेडिओचा बातमीदार होता, फोटो वर्तमानपत्रांत झळकले. समुद्र आपली मिरास समजणाऱ्या नौदलाचा तिळपापड झाला.

त्या वेळी रॉबिन पंधरा वर्षांचा होता. आठव्या वर्षी वडिलांबरोबर उघड्या विमानात बसलेला हा मुलगा विमानांच्याच आवाजात वाढला. रॉबर्ट ओल्ड्स मेजर जनरल होऊन एप्रिल १९४३ मध्ये वारले. त्यानंतर महिन्याभराने मुलगा वेस्ट पॉइंटमधून बाहेर पडला. बॉम्बरच्या आद्य पुरोहिताच्या मुलाने उडवायला घेतलं ते फायटर.

युद्धात बढत्यांचा बांध फुटतो. लेमेला कॅप्टन व्हायला दहा वर्षं लागली होती, १९४० उजाडलं. १९४४ च्या मार्चमध्ये तो मेजर जनरल होता, वय ३७. मधल्या चार वर्षांत त्याने काय केलं? इंग्लंडमध्ये पोचल्यावर त्याने पाहिलं की विमानविरोधी तोफांच्या भीतीने बॉम्बर शेवटच्या मिनिटाला वेडेवाकडे वळतात आणि बॉम्ब शेतात पडतात. कॉलेजात शिकलेलं तोफखान्याचं गणित काढून तो बसला, आणि सरळ उडालं तरी गोळा लागण्याची शक्यता वाटते तितकी नाही या उत्तरावर आला. मग जाहीर केलं की बॉम्ब सुटेपर्यंत कुणीही वळायचं नाही. नोव्हेंबर १९४२ मध्ये फ्रान्समधल्या सँ नाझेरवर पहिल्या विमानात तो स्वतः बसून गेला. ऑगस्ट १९४३ मध्ये रेगेन्सबुर्गच्या मोहिमेतही आघाडीला तोच होता. त्या दिवशी १४६ पैकी २४ विमानं गेली. माणसांशी बोलताना त्याचे ओठ फारसे हलत नसत. चेहऱ्याच्या एका बाजूचे स्नायू आजाराने लुळे पडले होते, आणि तो लुळेपणा झाकायला तोंडात सिगार. बघणाऱ्यांना तो गुर्मीचा वाटे.

आणि मग ही सिगार आपल्या देशात आली. बी-२९ ही नवी, प्रचंड विमानं जपानवर सोडायची होती आणि जवळचा तळ मिळत नव्हता. तेव्हा बंगालमधल्या खरगपूरच्या आसपास धावपट्ट्या बांधल्या गेल्या. तिथून हिमालय ओलांडून पेट्रोल आणि बॉम्ब चीनमध्ये चेंगडूला वाहून न्यायचे, तिथे साठा झाला की जपानवर जायचं, असा तो द्राविडी प्राणायाम. पहिल्या सेनापतीला हे जमेना म्हणून ऑगस्ट १९४४ मध्ये लेमेला पाठवलं. त्याचं मुख्यालय होतं हिजलीच्या बंदिशाळेत. हीच ती बंदिशाळा, जिथे १९३१ मध्ये इंग्रज सरकारच्या शिपायांनी नि:शस्त्र राजबंद्यांवर गोळ्या झाडल्या होत्या, आणि जिथे १९५१ मध्ये देशातली पहिली आयआयटी सुरू झाली. या दोन तारखांच्या मधल्या फटीत ती अमेरिकी बॉम्बरची कचेरी होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाच्या लक्षात नसते.

जानेवारी १९४५ मध्ये लेमेला पॅसिफिकमधल्या ग्वामला हलवलं. तिथला सेनापती हेवूड हॅन्सेल हा मॅक्सवेलच्या शाळेतला पक्का सिद्धांती, नेमकेपणाचा आग्रह धरणारा. जपानवरच्या वाऱ्यात आणि ढगांत त्याचे बॉम्ब नेमके पडत नव्हते, वॉशिंग्टनला निकाल हवे होते. त्याला बाजूला सारलं गेलं आणि त्याची कारकीर्द जवळपास तिथेच संपली. लेमेने सिद्धांतच फिरवला. रात्री जायचं, उंचावरून नव्हे तर ५ ते ९ हजार फुटांवरून, वजन वाचवायला तोफा उतरवायच्या, आणि कारखाने शोधत बसण्यापेक्षा लाकडी घरांच्या शहरावर आग लावणारे बॉम्ब टाकायचे. ९ मार्चच्या रात्री टोकियोवर ३०० च्या आसपास विमानं गेली. सकाळपर्यंत १६ चौरस मैल शहर जळून गेलं होतं आणि सुमारे एक लाख माणसं मेली होती. एका रात्रीत, अणुबॉम्बविना.

युद्धात लेमेसाठी आकडेमोड करणारा एक तरुण अधिकारी होता, रॉबर्ट मॅकनमारा. आपण युद्ध हरलो असतो तर आपल्यावर युद्धगुन्हेगार म्हणून खटले चालले असते, असं लेमे स्वतःच म्हणायचा, हे मॅकनमाराने म्हातारपणी कॅमेऱ्यासमोर सांगितलं. पण अमेरिका हरली नाही. १९६४ मध्ये खुद्द जपान सरकारने आपलं नवं हवाई दल उभारायला मदत केल्याबद्दल लेमेला मानाचा किताब दिला. इतिहासात असे हिशेब चुकते होतात.

आता मुख्य गोष्ट. ऑक्टोबर १९४८ मध्ये लेमेकडे स्ट्रॅटेजिक एअर कमांड आली. नाव भारदस्त, काम रशियावर अणुबॉम्ब टाकायची तयारी. नेब्रास्कातल्या ओमाहाला मुख्यालय हलवून त्याने जानेवारीत सगळ्या दलाला एक परीक्षा घातली. ओहायोतल्या डेटन शहरावर, खऱ्या उंचीवरून, रात्री, लुटुपुटूचा हल्ला करायचा. एकाही विमानाने तो सांगितल्याप्रमाणे पार पाडला नाही. अमेरिकेच्या सगळ्या भरवशाची ही अवस्था! लेमेच्या मते अमेरिकी वैमानिकी इतिहासातली ही सगळ्यात काळी रात्र होती. त्याच्या तोंडी हे ऐकताना टोकियोची आठवण होते, पण असो.

यानंतर त्याने जे केलं ते बढतीच्या इतिहासात वाचण्यासारखं आहे. बॉम्बरवरच्या चमूंच्या कायम परीक्षा सुरू झाल्या. रडारवर अचूकपणाचे गुण मोजले जात. न कळवता तपासणी पथक तळावर उतरायचं आणि नापास तळाचा प्रमुख संध्याकाळपर्यंत माजी प्रमुख झालेला असायचा. आणि जे चमू सगळ्यांत वर येतील, त्यांना जागच्या जागी बढती. निवड मंडळ नाही, वर्षांची वाट नाही. आज लेफ्टनंट, उद्या कॅप्टन. ही सवलत लेमेने १९४९ च्या अखेरीस मुख्यालयाकडून मिळवली आणि ती इतर कुठल्याही शाखेला नव्हती. मेख अशी, की बढती तात्पुरती आणि सगळ्या चमूची मिळून. पुढच्या परीक्षेत एकाने जरी माती खाल्ली, तर सगळ्यांच्या खांद्यावरचं चिन्ह उतरणार. घरी बायकोला वाढीव पगाराची सवय लागलेली, आणि तो पगार शेजारच्या खुर्चीतल्या सहकाऱ्याच्या निशाण्यावर लटकलेला. याहून कडक शिस्त कुठल्या रामदासी मठातही नसेल.

लेमे दुष्ट होता असं मात्र समजू नये. आपल्या माणसांसाठी घरं बांधण्यासाठी तो भांडला. तळांवर मोटारी दुरुस्त करायच्या कार्यशाळा काढल्या, स्वतः तेलाने हात माखून घेतले. धावपट्ट्यांवर मोटारींच्या शर्यती लावून त्या पैशातून जवानांच्या सोयी केल्या. १९५१ मध्ये तो चार ताऱ्यांचा जनरल झाला, वय ४४. यादवी युद्धातल्या ग्रँटनंतर इतक्या तरुण वयात तिथवर कुणी पोचलं नव्हतं. आयसेनहॉवरच्या काळात संरक्षणाचा पैसा अण्वस्त्रांकडे वळला तेव्हा तो लेमेच्या ओटीत पडला. बी-४७ विमानं २ हजारांवर बनली, बी-५२ ७४४. हुशार तरुण अधिकाऱ्याला कळत होतं की पुढे जायचं तर ओमाहाला जायला हवं. १९५५ मध्ये लेमेचा मदतनीस म्हणून आलेला डेव्हिड जोन्स १९७४ मध्ये हवाई दलप्रमुख झाला. गंडा कुणाचा, याला अर्थ होता.

फायटरवाल्यांचं काय? त्यांची स्वतंत्र कमांड होती, पण ती जगायची तर अण्वस्त्राच्याच पंक्तीला बसून. एफ-१०५ हे 'फायटर' विमान मुळात पोटात अणुबॉम्ब घेऊन खालून वेगाने पळण्यासाठी बनवलं गेलं. एफ-४ च्या पहिल्या आवृत्त्यांना तोफच नव्हती. समोरासमोरची झुंज आता होणारच नाही म्हणे. वैमानिकांना ती शिकवणंही बंद होत गेलं. १९६१ मध्ये लेमे हवाई दलप्रमुख झाला आणि फायटरच्या कमांडवरही बॉम्बर घराण्यातलाच वॉल्टर स्वीनी बसला. कडेलोट तो एवढाच राहिला होता.

रॉबिन ओल्ड्स ही सगळी वर्षं कुठे होता? महायुद्धात त्याने १२ विमानं पाडली होती. १९४७ मध्ये त्याने एला रेन्स या हॉलिवूडच्या नटीशी लग्न केलं, पुढे इंग्लंडच्या हवाई दलात एका स्क्वाड्रनचं नेतृत्व केलं. कोरियाच्या युद्धात जायला तो धडपडला, पाठवलं नाही. मग कचेऱ्या, फायली, आणि जे वाटतं ते तोंडावर बोलायची खोड. १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या बेंटवॉटर्सच्या तळाचा प्रमुख असताना त्याने वरिष्ठांना न विचारता विमानांच्या कसरतींचं एक पथक उभं केलं. वरचे भडकले, त्याची उचलबांगडी झाली, ब्रिगेडियर जनरलपदासाठीचं नाव यादीतून गळलं. त्याच्या म्हणण्यानुसार हे त्याने जाणूनबुजून केलं. तारा मिळाला असता तर लढायला जाता आलं नसतं. नंतर रचलेली कहाणी म्हणून सोडून देता आली असती, पण या माणसाच्या बाबतीत मला ती खरी वाटते.

मधल्या काळात लेमेचं स्वतःचं राज्य ढासळत होतं. मॅकनमारा, तोच जुना आकडेमोड्या, संरक्षणमंत्री होऊन त्याच्या डोक्यावर बसला आणि प्रत्येक नव्या बॉम्बरचा हिशेब मागू लागला. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबाच्या पेचात लेमेने राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या तोंडावर, नाकेबंदी म्हणजे म्युनिकला हिटलरपुढे घातलेल्या लोटांगणासारखंच आहे असं ऐकवलं. ते ध्वनिमुद्रित आहे. क्षेपणास्त्रं आली तसं बॉम्बरचं महत्त्व घटलं. ज्या अधिकाऱ्याने उडायचं तो जमिनीखालच्या बंकरमध्ये किल्ली सांभाळत बसू लागला. १९६५ मध्ये लेमे निवृत्त झाला.

त्याच वर्षी व्हिएतनाममध्ये एक उलटापालट झाली. बी-५२, रशियाची शहरं उद्ध्वस्त करण्यासाठी जन्मलेली विमानं, दक्षिणेतल्या जंगलांवर बॉम्ब ओतू लागली. आणि हनोईजवळचे पूल, कारखाने, रेल्वे यार्ड ही बॉम्बरची खरी लक्ष्यं आली फायटरच्या वाट्याला. तीही वॉशिंग्टनमध्ये जेवणाच्या टेबलावर एकेक निवडून दिलेली. एफ-१०५ ही ८३३ बनली होती, त्यांपैकी निम्म्याच्या आसपास या युद्धात गेली. उत्तरेवर शंभर मोहिमा केल्या की वैमानिक घरी जायचा. जिवंत घरी जाणाऱ्यांची एक बिरादरी तयार होत होती, आणि तीत बॉम्बरवाले नव्हते.

४४ वर्षांचा ओल्ड्स १९६६ च्या सप्टेंबरअखेरीस फायटर विंगचा प्रमुख म्हणून उबोनला पोचला. इतर विंगचे प्रमुख कचेरीत बसत. याने पहिल्या दिवशी सगळ्यात नव्या वैमानिकासारखं मागच्या रांगेत उडायचं ठरवलं आणि तरुणांना सांगितलं, शिकवा मला, पण मी तुमच्यापेक्षा चांगला होण्याच्या आत शिकवून घ्या. उत्तर व्हिएतनामची मिग-२१ विमानं बॉम्ब वाहणाऱ्या जड एफ-१०५ वर धाड घालायची आणि एफ-४ दिसली की पसार व्हायची. ओल्ड्सने हुशार कॅप्टन मंडळींना घेऊन एक सोंग रचलं. एफ-४ ना एफ-१०५ चीच वाट, त्यांचीच उंची, त्यांचीच सांकेतिक नावं दिली आणि त्यांचीच रडार गोंधळवणारी यंत्रं लावली. २ जानेवारी १९६७ रोजी हे बहुरूपी हनोईवर गेले. ढगांतून मिग वर आली ती शिकार समजून. बारा-तेरा मिनिटांत अमेरिकी हिशेबाने सात मिग-२१ पडली, स्वतःचं एकही नाही. त्यातलं एक खुद्द ओल्ड्सने पाडलं. पुढे त्याचा आकडा चारवर गेला. पाचवं पाडलं असतं तर प्रसिद्धीसाठी तडक मायदेशी पाठवलं असतं म्हणून आपण हात आखडता घेतला, असं तो सांगायचा.

परतल्यावर त्याला कोलोरॅडोतल्या हवाई दल अकादमीत कॅडेटांवर ठेवलं आणि जून १९६८ मध्ये ब्रिगेडियर जनरल केलं. नंतर विमान सुरक्षेचा विभाग. त्या कामासाठी आग्नेय आशियातल्या तळांवर फिरून आल्यावर त्याने अहवाल दिला की आपल्या वैमानिकांना झुंज येत नाही, कारण ती आपण शिकवत नाही. मिग पुन्हा आली तर मार खाऊ. १९७२ मध्ये नेमकं तेच झालं. ओल्ड्सने विनंती केली, माझा तारा काढून घ्या, कर्नल करा, पण तिकडे पाठवा. पाठवलं नाही. जून १९७३ मध्ये तो निवृत्त झाला.

त्याच १९७२ च्या डिसेंबरात बी-५२ ना शेवटी हनोईवर सोडण्यात आलं. मार्ग ओमाहात आखले गेले होते. रोज रात्री तीच वाट, तीच उंची, बॉम्ब टाकल्यावर तेच वळण. तिसऱ्या रात्री सहा बी-५२ पडली; एकूण ११ दिवसांत १५. वैमानिक चिडले, कार्यपद्धती बदलली, मोहीम तडीला गेली. पण ओमाहाला बसून युद्ध चालवता येतं हा लेमेच्या काळातला विश्वास त्या रात्रींनी खिळखिळा केला. त्या वेळी स्ट्रॅटेजिक एअर कमांडचा प्रमुख होता जॉन मेयर, महायुद्धात २४ विमानं पाडलेला फायटर वैमानिक! म्हणजे घराणं रक्तापेक्षा खुर्चीने ठरतं म्हणायचं.

पुढचं फार नाट्यमय नाही. बढत्यांचा इतिहास बहुधा संथच असतो. व्हिएतनामहून आलेले फायटरचे मेजर कर्नल झाले, कर्नल जनरल. वैमानिक पहिल्या दहा मोहिमांत वाचला तर पुढे बहुधा वाचतो, हे अभ्यासात दिसलं होतं. त्या पहिल्या दहा घरीच उडवून घ्यायच्या म्हणून १९७५ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात 'रेड फ्लॅग' नावाचा सराव सुरू झाला, खरा वाटणारा शत्रू उभा करून. १९७८ ते १९८४ फायटर कमांडचा प्रमुख असलेल्या विल्बर क्रीचने हाताखालच्या अधिकाऱ्यांना शिकवून शिकवून जनरल घडवले. तिकडे बॉम्बरचे चमू रात्रंदिवस सज्जतेच्या खोल्यांत पत्ते पिसत होते. १ जुलै १९८२ रोजी चार्ल्स गेब्रिएल हवाई दलप्रमुख झाला. कोरियात शंभर मोहिमा, थायलंडमध्ये विंगचा प्रमुख. त्याच्यासह २००८ पर्यंत एकूण आठ प्रमुख, आठही फायटरचे. त्यांत मायकेल रायनही. त्याचा बाप जॉन रायन १९६९ ते १९७३ प्रमुख होता, बॉम्बर घराण्यातला. मुलगा १९९७ मध्ये त्याच खुर्चीत बसला तो उत्तर व्हिएतनामवर शंभर मोहिमा केलेला फायटर वैमानिक म्हणून. बापलेक दोघेही प्रमुख होण्याचं हे या दलातलं एकच उदाहरण.

घराणं बदललं म्हणून स्वभाव बदलला असं नाही. एफ-१६ च्या मागची कल्पना ज्याच्या डोक्यातून आली तो जॉन बॉइड फायटरवालाच, पण वरिष्ठांशी भांडायचा. १९७५ मध्ये कर्नल म्हणूनच निवृत्त झाला. १९९१ च्या इराक युद्धातल्या हवाई हल्ल्यांचा मूळ आराखडा करणारा जॉन वॉर्डन, तोही कर्नलच राहिला. मोठं काहीतरी व्हायचं की काहीतरी करून दाखवायचं, यातलं एक निवडावं लागतं, असं बॉइड तरुणांना सांगत असे. त्याने स्वतः काय निवडलं होतं ते त्याच्या खांद्यावर दिसत होतं.

१ जून १९९२ रोजी लेमेची स्ट्रॅटेजिक एअर कमांड मोडीत काढली गेली आणि बॉम्बर फायटरवाल्यांच्या नव्या कमांडमध्ये सामील झाले. मुख्यालय लँगलीला, जिथे रॉबर्ट ओल्ड्सने लेमेला घडवलं होतं. अण्वस्त्रं सांभाळणं हे आता मागच्या बाकावरचं काम झालं. ऑगस्ट २००७ मध्ये नॉर्थ डकोटातल्या मायनॉटच्या तळावर एका बी-५२ ला चुकून सहा खरी अण्वस्त्रं असलेली क्षेपणास्त्रं लटकवली गेली आणि ते विमान लुइझियानापर्यंत उडून गेलं. ३६ तास कुणाच्या लक्षातच आलं नाही. पुढच्या मार्चमध्ये उघड झालं की हेलिकॉप्टरच्या बॅटऱ्या समजून क्षेपणास्त्रांचे सुटे भाग तैवानला रवाना झाले होते. लेमेच्या राज्यात अशा तळाच्या प्रमुखाचं काय झालं असतं! जून २००८ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्सने हवाई दलाचे मुलकी सचिव आणि प्रमुख जनरल मोझली, दोघांचेही राजीनामे घेतले. त्या जागी आलेला नॉर्टन श्वार्ट्झ मालवाहू सी-१३० उडवणारा. फायटर नाही, बॉम्बर नाही. आपल्याकडे त्याच्या वर्षभर आधी, मार्च २००७ मध्ये एअर चीफ मार्शल फली मेजर प्रमुख झाले होते. हेलिकॉप्टर वैमानिक त्या पदावर येण्याची भारतातली ती पहिलीच वेळ.

रॉबिन ओल्ड्स २००७ च्या जूनमध्ये वारला होता. त्याच्या आठवणीसाठी अमेरिकी हवाई दलातले वैमानिक दर मार्च महिन्यात मिशी वाढवत. नियमाकडे काणाडोळा करून चाललेली ती एक जुनी खोडी होती. २०१४ मध्ये हवाई दलप्रमुख जनरल मार्क वेल्श याने, तोही फायटरवाला, भर सभेत सगळ्या दलाला मार्चमध्ये मिशी वाढवण्याचं आव्हान दिलं. मात्र ती ओठांच्या कोपऱ्यांबाहेर जाता कामा नये, हा नियम कायम होता.